नवीन फादर पटत नाहीत, आता काय? वसईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना सरत आला की बदल्यांची यादी फुटते आणि पहिल्या पावसाबरोबर कुठल्या ना कुठल्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या पॅरिशमध्ये, कुरकुर सुरू होते. मी आमच्या पॅरिश कौन्सिलवर (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळावर) दोन टर्म होतो, त्यातली एक सेक्रेटरी म्हणून, म्हणजे मिनिट्स लिहायची आणि शिव्या खायच्या ही दोन्ही कामं माझ्याकडेच. तीन फादरांचं येणं आणि दोघांचं जाणं अगदी जवळून बघितलं. त्यामुळे आता कोणाचं कुठे बिनसलं की फोन मला येतो, वसईतून येतो, बोरिवलीतून येतो, एकदा तर मस्कतवरून आला की आमच्या आईला गावी नवीन फादर ओरडले, आता काय करायचं ते सांगा. तेच तेच बोलून घसा सुकला म्हणून एकदाच लिहून टाकतोय. मी वकील नाही, धर्मगुरू तर नाहीच. कॅनन लॉ म्हणजे चर्चचा १९८३ चा कायदा, त्यातल्या प्रत्येक कलमाला कॅनन म्हणतात, तो भांडणांच्या नादात वाचावा लागला एवढंच.

आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की हे फादर नकोत, तर बिशपना ते ऐकावंच लागेल ना?

नाही. कॅथलिक चर्चमध्ये प्रमुख धर्मगुरू नेमायचा अधिकार बिशपांचा, कॅनन ५२३. नेमायच्या आधी त्यांनी डीनशी, म्हणजे आजूबाजूच्या काही धर्मग्रामांवर देखरेख करणाऱ्या धर्मगुरूंशी, बोलायचं असतं, आणि वाटलं तर काही धर्मगुरूंना आणि प्रापंचिकांना (म्हणजे आपल्यासारख्या साध्या लोकांना) पण विचारू शकतात, पण ते ‘वाटलं तर’ आहे. काही प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक निवडायला लोकांचं मत घेतात, ते बघून आपल्याकडचे पण म्हणतात की व्होटिंग घ्या. व्होटिंग घेऊन तुम्हाला आकडा मिळेल, फादर बदलणार नाही.

पण मत नाही म्हणून तोंड पण नाही असं समजू नका. त्याच कायद्यात कॅनन २१२ आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की आपल्या गरजा आणि इच्छा, विशेषतः आध्यात्मिक, पाळकांना सांगायची श्रद्धावंतांना मोकळीक आहे, आणि ज्याला ज्ञान आहे, अनुभव आहे त्याला आपलं मत सांगायचा हक्क आहे, कधीकधी तर ते कर्तव्यच आहे. आदर ठेवून सांगायचं, एवढी अट.

म्हणजे फादरांविरुद्ध बोलणं पाप नाही?

तक्रार करणं पाप नाही. खोटं पसरवणं आहे. आमच्या शेजारची एक काकी दोन्ही एकाच दमात करायची आणि शनिवारी पापनिवेदनाला, म्हणजे आपली पापं फादरांना सांगायला, गेली की फक्त दुसऱ्यांचीच पापं सांगायची.

आल्या आल्या पहाटेच्या मिस्साची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) वेळ बदलली. असं करता येतं का?

येतं. वेळ ठरवणं हे फादरांचंच काम, शहाणे फादर कौन्सिलला विचारून करतात, बाकीचे रविवारी अनाउन्समेंटमध्ये सांगून मोकळे होतात. पण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि वरवर क्षुल्लक वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्याकडे रोजचा मिस्सा सकाळी सहाचा होता. नवीन फादरांनी साडेसहा केला. त्यांचं म्हणणं, थंडीत म्हातारी माणसं अंधारात येतात, रस्त्याला दिवे नाहीत, कोणी पडलं तर? बरोबर होतं. पण आमच्या बाजूच्या वाडीतल्या चार-पाच जणी फुलं-भाजी घेऊन लोकलने जाणाऱ्या, त्यांचं सगळं गणित सहाच्या मिस्सावर बसलेलं, मिस्सा संपला की टोपली उचलायची आणि स्टेशनची रिक्षा पकडायची. साडेसहा झाल्यावर त्यांचा मिस्साच बंद पडला. त्या काही भांडायला आल्या नाहीत. भांडायला आले रिटायर झालेले आमच्यासारखे, ज्यांना सहा काय नि साडेसहा काय, आणि आम्ही भांडलो कशावर, तर ‘परंपरा’ आणि ‘आम्हाला विचारलं नाही’ यावर. दोन महिने वाद चालला. फुलवाल्या बायांचं नाव एकाही मीटिंगमध्ये निघालं नाही, मिनिट्स मीच लिहिलीत म्हणून खात्रीने सांगतो. शेवटी त्यातल्या एकीने मिस्सानंतर नाही, तर फादर अंगणात झाडांना पाणी घालत होते तेव्हा कुंपणाच्या बाहेरूनच, टोपली डोक्यावर असतानाच सांगितलं, की फादर, सहाला होता तेव्हा यायला मिळायचं. पुढच्या आठवड्यापासून मंगळवार आणि शुक्रवार परत सहाला झाला.

तर वेळेबद्दल तक्रार असेल तर कोणाचं नक्की काय अडतं ते सांगा, आणि ज्याचं अडतं त्यालाच बोलू द्या.

नवीन फादर बोलतच नाहीत हो कोणाशी. आधीचे प्रत्येकाच्या घरी यायचे, इंद्याल खायला थांबायचे.

हे ऐकून मी आधी विचारतो, येऊन किती दिवस झाले? तीन महिने म्हणाले तर सांगतो की थांबा. आपल्या धर्मप्रांतात (एका बिशपांच्या हाताखालचा मुलूख), म्हणजे वसई धर्मप्रांत, जो १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला, एका टोकाला आपली दाट वस्तीची जुनी गावं आणि दुसऱ्या टोकाला डहाणू-तलासरीकडचे आदिवासी पाडे. तिकडे सहा वर्षं वारली लोकांत काम केलेला माणूस इकडे आला की त्याला हजार घरांचं रजिस्टर हातात मिळतं. तिकडे तो मोटारसायकलवरून पाड्यापाड्यात जाऊन जमिनीवर बसून बोलायचा, इकडे त्याला चार कमिट्या, शाळा, सिमेट्रीचा वाद, आणि सणाच्या बँडचं कॉन्ट्रॅक्ट कोणाला याचं राजकारण. माणूस गप्प होणारच.

कायदा म्हणतो की प्रमुख धर्मगुरूने घरोघरी जावं, लोकांच्या चिंता आणि दुःखात, विशेषतः कोणी गेलं तेव्हा, सोबत असावं, आजाऱ्यांना सांभाळावं (कॅनन ५२९). ते जात नसतील तर म्हणा की फादर, आमच्या समूहात तीन आजारी आहेत, या दिवशी मी घेऊन जातो. तारीख द्या, गाडी द्या. दहातले आठ फादर येतात. उरलेल्या दोघांचं काय ते खाली आहे.

भाषेचा प्रॉब्लेम आहे. आमची आजी सामवेदी (इथली बोली) बोलते, फादरांना कळत नाही, आणि नवीन कॉम्प्लेक्सवाले म्हणतात इंग्लिश मिस्सा पाहिजे.

ही दोन वेगळी भांडणं आहेत, एकात घालू नका.

इंग्लिशचं म्हणाल तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, लोकभाषेत मिस्सा आला तेव्हा वसईत मराठी आली आणि ती इथली ओळखच झाली. पण विरार-नालासोपारा-वसई रोडच्या बिल्डिंगांत मंगलोरी, गोवन, मल्याळी, तमिळ सगळे आहेत आणि ते पण त्याच धर्मग्रामाचे. एक इंग्लिश मिस्सा ठेवला म्हणून मराठी मरत नाही. गर्दीची वेळ मराठीकडून काढून तिकडे दिली तर मात्र बोला, आणि मिस्सामिस्साला डोकी मोजून बोला.

आजीचं मात्र खरं दुखणं आहे. मराठी प्रवचन तिला कळतं, पण पापनिवेदन ती ज्या भाषेत विचार करते त्याच भाषेत करणार. त्यावर साधा उपाय असा की लेंटमध्ये (ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात) आणि नाताळच्या आधी आजूबाजूचे धर्मगुरू पापनिवेदनाला येतात, त्यात एक तरी सामवेदी किंवा वाडवळी समजणारे बोलवा असं फादरांना सांगायचं. हे मागितलं आणि नाही मिळालं असं माझ्या माहितीत तरी झालं नाही.

प्रवचन पाऊण तास, आणि त्यात अर्धा वेळ आम्हाला झापतात.

पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या जूनमध्ये सांगितलं होतं की प्रवचन आठ मिनिटांच्या वर जाऊ नये, नाहीतर लोकांना झोप लागते. हे फादरांना पाठ करून दाखवू नका, फार तर सणाच्या जेवणात हसत हसत विषय काढा.

वेदीवरून नाव घेऊन किंवा नाव न घेता पण सगळ्यांना कळेल असं कोणाला बोलणं ही मात्र गंभीर गोष्ट. कोणाचीही अब्रू अन्यायाने घालवायचा हक्क कोणाला नाही (कॅनन २२०), त्यात फादर पण आले. असं झालं तर त्याच दिवशी तारीख, कितवा मिस्सा आणि नेमके शब्द लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ‘ते नेहमी असं बोलतात’ याला कोणी विचारत नाही.

हातावर कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) द्यायचं बंद केलं / जिभेवर द्यायचं बंद केलं.

भारतात दोन्ही चालतं, निवड घेणाऱ्याची. गुडघे टेकलात म्हणून पण नाकारता येत नाही, रोमच्या २००४ च्या सूचनेत ते आहे. शांतपणे सांगा, मिस्सा चालू असताना रांगेत वाद घालू नका.

पॅरिश कौन्सिल गुंडाळून ठेवलं आणि स्वतःची माणसं घेतली.

इथे बऱ्याच जणांची निराशा होते. कायद्याने पॅरिश कौन्सिल सगळीकडे असलंच पाहिजे असं नाही, बिशपांनी ठरवलं तर असतं, आणि असलं तरी त्याचं मत सल्ल्यापुरतं (कॅनन ५३६). म्हणजे वीसच्या वीस जण विरोधात गेले तरी फादर त्यांना पाहिजे ते करू शकतात. मला हे पहिल्या टर्मला माहीत नव्हतं, मला वाटायचं आम्ही ग्रामपंचायत आहोत.

पण वित्त समितीचं तसं नाही. ती प्रत्येक धर्मग्रामात असायलाच पाहिजे, कॅनन ५३७, तिथे ‘वाटलं तर’ हा शब्दच नाही. त्यामुळे कौन्सिलसाठी रक्त आटवण्यापेक्षा वित्त समिती आहे का, तिच्यात कोण आहेत, वर्षात किती वेळा बसली, हे विचारा. कौन्सिलची टर्म किती, निवड कशी, हे धर्मप्रांताच्या नियमावलीत असतं. ती वाचूनच बोला, कारण समोरच्याने वाचलेली असते.

हिशोब दाखवत नाहीत.

मागा. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशोब लोकांना द्यायचा, हे कॅनन १२८७ मध्ये आहे, कसा द्यायचा ते स्थानिक नियमांवर. आणि एका ठरावीक कामासाठी दिलेले पैसे त्याच कामाला लागले पाहिजेत (कॅनन १२६७). छपराला दिलेले साउंड सिस्टीमला नाही लावायचे, साउंड सिस्टीम कितीही चांगली असली तरी.

इकडचा कायदा वेगळा. महाराष्ट्रात चर्चच्या मालमत्ता आणि संस्था पब्लिक ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या असतात, १९५० चा कायदा, आणि ट्रस्टचे ऑडिट झालेले हिशोब चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसात जातात. आधी तिकडे पळू नका, पण असं एक दार आहे हे माहीत असू द्या.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. नवीन फादर आले आणि पाटीवर लावायचा महिन्याचा हिशोब बंद झाला. लगेच सुरू, की खातात. आमच्यातल्या एकाने, बँकेत होता तो, सरळ ऑफिसात जाऊन विचारलं. फादर म्हणाले, मला आधीचा हिशोबच लागत नाही, सणाच्या खर्चाची निम्मी बिलं नाहीत, पेन्सिलने लिहिलेल्या वहीवर मी सही कशी करू? ती वही आमच्याच लाडक्या आधीच्या फादरांच्या काळातली, आणि पेन्सिल आमच्या सण कमिटीची. चोरी नव्हती, सगळे पैसे मांडवातच गेले होते, पण बिल कोणी घेतलंच नव्हतं. त्यानंतर रविवारची पेटी तिघांनी मिळून मोजायची, तिघांनी सह्या करायच्या आणि सोमवारी बँकेत भरायची असं ठरलं. मोजणारे दर महिन्याला बदलतात. तीस वर्षं पेटी मोजणारे आमचे एक काका त्या दिवसापासून फादरांशी बोलत नाहीत. तक्रारीच्या अर्जावर पहिली सही त्यांचीच होती.

स्नानसंस्काराला (बाप्तिस्म्याला), लग्नाला, मयताला पैसे मागतात. नाही दिले तर सर्टिफिकेट देत नाहीत.

ठरलेल्या दानापलीकडे काही मागायचं नाही आणि गरिबाला पैशापायी संस्कारापासून वंचित ठेवायचं नाही, कॅनन ८४८. २०२० साली रोमहून धर्मग्रामांबद्दल एक सूचनापत्र आलं, त्यात पण मिस्साचं दान हे स्वखुशीचं असावं, टॅक्ससारखं नको, असं बजावलंय. तुमचा दाखला म्हणजे रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल, ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. हॉलचं भाडं, डेकोरेशन, सिमेट्रीची वार्षिक फी हे वेगळं, ते संस्काराचे पैसे नाहीत, त्याची पावती घ्या.

स्नानसंस्कार पुढे ढकलला असेल तर कारण विचारा. आईबाप मुलाला श्रद्धेत वाढवतील अशी आशाच नसेल तर कारण समजावून सांगून थांबवता येतो, पण वर्गणी थकली हे कारण त्यात बसत नाही.

जुनी वेदी काढली, सेंटची मूर्ती गोडाऊनमध्ये टाकली.

हा विषय वसईत पेटतोच. इथली काही चर्चेस पोर्तुगीज काळातली, १५३४ ला वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ ला चिमाजी आप्पांनी घेतली, त्या मधल्या दोनशे वर्षांतल्या लाकडी वेद्या, मूर्ती काही ठिकाणी अजून आहेत. जुनी, कलेच्या किंवा लोकांच्या भक्तीच्या दृष्टीने मोलाची मूर्ती दुरुस्त करायची तरी बिशपांची लेखी परवानगी लागते (कॅनन ११८९), आणि लोकांच्या मोठ्या भक्तीतली मूर्ती विकायची किंवा कायमची हलवायची तर थेट रोमची (कॅनन ११९०). म्हणून अशा वेळी ओरडण्याआधी एकच प्रश्न विचारा: फादर, परवानगीचं पत्र बघायला मिळेल का?

आणि फोटो काढून ठेवा. आजच, कोणी काही काढायच्या आधीच. आमच्याकडे जुन्या वेदीचा सगळ्यात चांगला फोटो शेवटी कोणाच्या तरी १९८७ च्या लग्नाच्या अल्बममध्ये सापडला, नवरानवरी मध्ये आणि वेदी मागे अर्धी.

टाइल्स बदलल्या, पंखे बदलले, ग्रोटोला (मारियामातेच्या गुहेला) निळे लाइट लावले, याला ही परवानगी लागत नाही. चव लागते, पण ती कायद्यात नाही.

चर्चची जमीन विकणार / बिल्डरला देणार असं ऐकलंय.

ऐकलंय यावर थांबू नका, सातबारा काढा. फादर एकटे जमीन विकूच शकत नाहीत. चर्चच्या बाजूने बिशप आणि त्यांच्या सल्लागार मंडळांची संमती लागते, ठरावीक रकमेच्या वर गेलं तर रोमची, आणि सरकारच्या बाजूने ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला चॅरिटी कमिशनरची पूर्वपरवानगी, कलम ३६. एवढे सगळे दरवाजे आहेत म्हणजे तुम्हाला वेळ पण आहे आणि हरकत नोंदवायला जागा पण. या एका विषयात मी म्हणेन की वकील लवकर बघा.

बरं, तक्रार करायची तर कोणाकडे?

आधी फादरांकडेच. दोघं-तिघं जा, दहा नको, दहा गेले की मोर्चा होतो. मिस्सा संपल्या संपल्या सॅक्रिस्टीत (फादरांच्या कपडे बदलायच्या खोलीत) घुसू नका, वेळ मागून जा. काय बोलणं झालं ते घरी येऊन लिहा. मग डीन. मग व्हिकर जनरल (बिशपांचे मुख्य मदतनीस) किंवा बिशप. धर्मग्राम धर्मगुरूंच्या एखाद्या संघाकडे असेल, जेजुइट, सलेशियन वगैरे, तर त्यांच्या प्रोव्हिन्शियलना (प्रांतप्रमुखांना) पण प्रत द्या. सरळ दिल्लीला नन्सिओंना (पोपच्या राजदूतांना) पत्र पाठवणारे असतात, ते पत्र बहुतेक फिरून बिशपांकडेच येतं आणि मध्ये तीन महिने जातात.

अर्ज कसा लिहायचा?

एक पान. फार तर दीड. मी बघितलेला सगळ्यात वाईट अर्ज अकरा पानी होता, त्यात पहिल्या पानावर पोर्तुगीजांचा इतिहास, चौथ्या पानावर फादरांनी कॉयरमास्तरला चहा विचारला नाही, आणि नवव्या पानावर, मधेच कुठेतरी, दफनविधीला फादर आले नाहीत आणि मयत दोन तास अंगणात थांबलं, ही खरी गोष्ट. वाचणाऱ्याने चौथ्या पानावरच सोडलं असणार.

तर आधी सगळ्यात जड गोष्ट. तारीख, वेळ, काय झालं, कोणी बघितलं. त्यावर फादरांशी कधी बोललात आणि ते काय म्हणाले. शेवटी तुम्हाला नक्की काय पाहिजे: बोलणी, हिशोब, की दुसरं काही. ‘समस्त ग्रामस्थ’ लिहू नका, नावं लिहा, पत्ता लिहा. निनावी पत्राला काही किंमत नाही, आणि सह्या गोळा करताना पान कोरं ठेवून वर मजकूर नंतर टाकू नका. हसू नका, हे झालंय, आणि अर्ध्या गावाने बिशपांपुढे सांगितलं की आम्हाला वाटलं रस्त्याच्या दिव्यांसाठी सही आहे.

पोच घ्या.

कुठल्या कारणांनी फादरांना खरंच काढता येतं?

काढणं आणि बदली या दोन वेगळ्या गोष्टी. बदली बिशप धर्मग्रामाच्या किंवा चर्चच्या गरजेसाठी सुचवू शकतात, आणि आपल्याकडे तशीही काही वर्षांनी होतेच. काढण्याची कारणं कॅनन १७४१ मध्ये आहेत: चर्चच्या ऐक्याला मोठा धक्का लागेल असं वागणं, काम न जमणं किंवा कायमचा आजार, चांगल्या आणि समजूतदार लोकांतलं नाव जाणं किंवा लवकर न मिटणारी नाराजी, ताकीद देऊन पण कर्तव्यात मोठी कुचराई, आणि पैशा-मालमत्तेचा गैरकारभार. त्यात नाराजीचं कारण आहे हे वाचून लोक खूश होतात. पण ‘समजूतदार लोक’ आणि ‘लवकर न मिटणारी’ हे शब्द नीट वाचा. मांडवात खुर्च्या फेकल्यात तर पहिला शब्द गेला.

गंमत म्हणजे फादरांची मोठी चूक नसली तरी हे होऊ शकतं, कायद्यात तसं लिहिलंय, कारण प्रश्न शिक्षेचा नसून धर्मग्राम चालण्याचा आहे. पद्धत अशी की बिशपांनी आधी दोन प्रमुख धर्मगुरूंशी चर्चा करायची, मग फादरांना कारणं सांगून पंधरा दिवसांत राजीनामा द्यायला समजवायचं. ते नाही म्हणाले तर त्यांना कागद बघायला आणि लेखी उत्तर द्यायला मिळतं. त्यानंतर काढलं तरी ते रोमकडे दाद मागू शकतात, आणि ते चालू असेपर्यंत नवीन प्रमुख धर्मगुरू नेमता येत नाही, तात्पुरता कारभारी येतो. म्हणजे वेळ लागतो. ‘बिशप काहीच करत नाहीत’ यातलं निम्मं हे असतं.

व्हॉट्सअपवर टाकलं तर लवकर काम होईल.

लवकर होईल, पण काम नाही. बदनामी हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, आणि फॉरवर्ड केलं म्हणून सुटका नाही. शिवाय एकदा ग्रुपवर गेलं की भांडण फादरांचं राहत नाही, ग्रुपमध्ये कोण कोणाला काय बोललं याचं होतं, ॲडमिन बदलतो, दुसरा ग्रुप निघतो, आणि फादर आरामात मिस्सा करतात.

चर्चला टाळं लावलं तर?

आजवर हे सगळं करून झालंय, तुम्ही पहिले नाही. मुंबईत १७९४ पासून दोन सत्ता होत्या, पोर्तुगालच्या बाजूचे पाद्रुआदो आणि रोमचे प्रोपागांडा, आणि चर्चेस दोघांत वाटलेली. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकलमध्ये रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन स्वतः आत जाऊन बसले, विरोधी पक्षाच्या लोकांनी बाहेरून वेढा घातला, आणि ते पंधरवडाभर चाललं. शेवटी ब्रिटिश सरकारला मध्ये पडावं लागलं. आणि दोन सत्तांचा घोळ पुरता मिटला कधी, तर १९२८ ला. हिशोब तुम्हीच करा.

टाळं लावलं की पोलिस येतात आणि मग बोलायचा विषय फक्त टाळं उरतो.

लहान मुलांशी किंवा बायांशी गैरवर्तन झालंय असा संशय आहे.

इथे वरचं काहीही लागू नाही. आधी फादरांशी बोला नाही, कौन्सिल नाही, डीन नाही. अठराच्या आतलं मूल असेल तर पोक्सो कायदा २०१२, माहीत असून पोलिसांना न सांगणं हा पण गुन्हा, कलम १९ आणि २१. पोलिस स्टेशन किंवा चाइल्डलाइन १०९८. मोठ्या बाईच्या बाबतीत तिला विचारून, तिच्यासोबत जा. चर्चकडे पण वेगळी तक्रार करता येते, पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशाने, जो २०२३ ला कायम झाला, प्रत्येक धर्मप्रांतात अशी तक्रार घ्यायची सोय असणं बंधनकारक आहे. पण ती पोलिसांच्या जागी नाही, सोबत. आणि ‘चर्चचं नाव खराब होईल’ म्हणणारा घरातला असेल तरी ऐकू नका.

वर्गणी बंद करू का?

फादरांचा पगार त्यातून जात असेल-नसेल, सॅक्रिस्टनचा आणि झाडूवालीचा जातो. नाराजी दाखवायचीच असेल तर ठरावीक कामाला द्या आणि पावतीवर काम लिहून घ्या.

आम्ही बाजूच्या गावच्या चर्चमध्ये जातो, चालेल का?

रविवारचा मिस्सा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये चालतो. धर्मग्राम मात्र राहत्या घरावरून ठरतं, मनावरून नाही, त्यामुळे लग्नाला, दाखल्याला, मयताला परत इथेच यावं लागतं. आमच्यातले एक कुटुंब दीड वर्ष बाजूच्या गावी गेलं. आता परत येतं, कारण तिकडचे फादर बदलले.

आधीचे फादर परत येतील का?

नाही. आणि सांगू का, मागे मी २०१२ ची मिनिट्सची वही काढली होती, वित्त समितीला जुने आकडे पाहिजे होते म्हणून. त्यात एक ठराव होता, की नवीन फादर कोणाशी बोलत नाहीत, घरी येत नाहीत, तरी शिष्टमंडळ घेऊन डीनना भेटावं. हे तेच आधीचे फादर, इंद्यालवाले. अनुमोदक म्हणून खाली सही माझी आहे.